‘मायसेल्फ मोना अहमद’ : मैत्रीतून घडलेले छायाचित्रपुस्तक

दयानिता सिंह यांचे ‘मायसेल्फ मोना अहमद’ हे छायाचित्रपुस्तक झुरिकच्या स्कालो या प्रकाशनसंस्थेने २००१ मध्ये प्रसिद्ध केले. दिल्लीच्या हिजडा समाजात आयुष्य घालवलेल्या आणि पुढे त्याच समाजापासून दुरावलेल्या मोना अहमद यांची छायाचित्रे आणि त्यांच्या जोडीला खुद्द मोनांनी सांगितलेली आपली हकीकत, असे त्याचे स्वरूप आहे. तृतीयपंथीयांची छायाचित्रे असलेली पुस्तके जगभरात बरीच निघाली आहेत आणि त्यांतली काही माझ्या पाहण्यात आहेत. परंतु छायाचित्रकार आणि छायाचित्रातली व्यक्ती यांचे परस्परांशी असलेले नाते इतके स्वच्छ दिसते असे दुसरे भारतीय पुस्तक मला ठाऊक नाही. दुकानात सहजी न मिळणाऱ्या, वीस वर्षांहून जुन्या पुस्तकाचे परीक्षण आज लिहावेसे वाटले ते त्यामुळेच.

या नात्याची सुरुवात एका फसलेल्या कामातून झाली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आणि नंतर न्यू यॉर्कच्या आंतरराष्ट्रीय छायाचित्रण केंद्रात शिकून आलेल्या दयानिता सिंह १९८९ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’साठी जुन्या दिल्लीतल्या हिजड्यांची छायाचित्रे काढायला गेल्या होत्या. तुर्कमान गेटच्या परिसरात, म्हणजे आणीबाणीतल्या बुलडोझरमुळे ज्याचे नाव आपल्याकडेही घरोघरी पोहोचले त्या भागात, त्यांची मोनांशी गाठ पडली. मोनांनी छायाचित्रे काढू दिली. पण ती विलायतेत छापली जाणार आहेत हे कळताच त्यांनी रोल परत मागितला, कारण त्यांचे काही नातेवाईक तिकडे राहत होते. सिंह यांनी रोल काढून त्यांच्या हातात दिला आणि मोनांनी तो कचऱ्यात टाकला.

रोलच्या काळात ज्यांनी कॅमेरा हाताळला आहे त्यांना या घटनेचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. न धुतलेल्या रोलची दुसरी प्रत कोठेही नसते. कॅमेऱ्याच्या पाठीमागचे झाकण उघडून ती छोटी डबी समोरच्याच्या हवाली केली की दिवसभराचे काम, प्रवास, मिळवलेली परवानगी आणि वृत्तपत्राला दिलेला शब्द हे सगळे एका क्षणात हातातून जाते. शिवाय विशी-तिशीतल्या, नुकत्या व्यवसायात उतरलेल्या आणि परदेशी वृत्तपत्रांच्या कामावर उभे राहू पाहणाऱ्या छायाचित्रकाराला असे काम रिकाम्या हाताने सोडून येणे परवडत नाही. नाही म्हणण्याच्या सबबी तिच्याकडे पुष्कळ होत्या. चेहरे ओळखू येणार नाहीत असे आश्वासन देता आले असते, वेळ मारून नेता आली असती, एखादा कोरा रोल पुढे करता आला असता. आमच्या व्यवसायात हे प्रकार चालतात आणि ते करणाऱ्यांना कोणी फारसे बोल लावत नाही. सिंह यांनी तसे काही केले नाही, आणि पुस्तकातली सगळी छायाचित्रे त्या न काढल्यासारख्या झालेल्या छायाचित्रांच्या बळावर उभी आहेत असे माझे स्पष्ट मत आहे. मोनांनी त्यांना पुढे ज्या ज्या खोलीत येऊ दिले, ज्या ज्या वेळी कॅमेरा रोखू दिला, ते सारे हा रोल परत मिळाल्यानंतरचे आहे.

हिजडा समाज आणि त्यांची नोंद घेणारे बाहेरचे लोक यांच्यातला अविश्वास जुना आहे. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये केलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा एक संपूर्ण भाग हिजड्यांसाठी होता आणि त्यात त्यांची नावे व राहण्याचे ठिकाण सरकारी नोंदवहीत लिहून ठेवण्याची तरतूद होती. ज्या समाजाला वही घेऊन आलेल्या माणसाची अशी ओळख झाली, त्याने कॅमेरा घेऊन आलेल्याला दारात उभे का करावे? मुंबईच्या फॉकलंड रोडवरच्या वेश्यावस्तीत काम केलेल्या अमेरिकन छायाचित्रकार मेरी एलन मार्क यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे की दहा वर्षे त्या तिथे अधूनमधून जात राहिल्या आणि प्रत्येक वेळी तिथल्या बायकांनी त्यांच्यावर कचरा आणि पाणी फेकले. १९७८ मध्ये त्या तिथे मुक्कामालाच राहिल्यासारख्या राहिल्या तेव्हा कुठे दारे उघडली. त्यांचे पुस्तक १९८१ मध्ये आले आणि ते रंगांच्या दृष्टीने अविस्मरणीय आहे, परंतु ते अखेर एका वस्तीचे पुस्तक आहे. पाहणारा त्या रस्त्यावरून जातो, खिडकीखिडकीत डोकावतो आणि बाहेर येतो. नॅन गोल्डिन यांचे बोस्टनमधल्या ड्रॅग क्वीन, म्हणजे स्त्रीवेशात वावरणाऱ्या, मैत्रिणींवरचे ‘द अदर साइड’ या बाबतीत ‘मोना अहमद’च्या जवळचे आहे, कारण गोल्डिन ज्यांची छायाचित्रे काढत होत्या त्यांच्याच घरात राहत होत्या आणि त्यांच्यासारखे सुंदर कोणी नाही अशी त्यांची श्रद्धा होती. तेही पुस्तक स्कालोनेच १९९३ मध्ये काढले होते, हा योगायोग नसावा.

सिंह यांचे पुस्तक वस्तीचे नाही, एका माणसाचे आहे. हिजडा समाज त्यात आहे, पण तो मोनांच्या आयुष्यात जितका आणि जसा येतो तितकाच. त्यातला सर्वांत भरलेला भाग मोनांनी दत्तक घेतलेल्या मुलीचा. आपल्याला मूल हवे ही मोनांची ओढ आणि ते मिळाल्यावरचा त्यांचा आनंद या छायाचित्रांत ओसंडून वाहतो. मुलीचे वाढदिवस लग्नाच्या थाटात साजरे होत. दूरदूरचे हिजडे त्यासाठी येत, नाचत, ओवाळणी टाकत. दुसऱ्यांच्या घरी मूल जन्मले की टाळ्या वाजवत बधाई मागायला जाण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांच्या स्वतःच्या घरात पाळणा हलतो आहे आणि पाहुणे त्यांच्या दारात आले आहेत, ही उलटापालट कोणत्याही शीर्षकाशिवाय लक्षात येते. मोना बाळाला घेऊन असलेल्या चित्रांत मला सर्वांत जास्त थांबवले ते त्यांच्या हातांनी. रुंद, हाडापेराने मोठे असलेले हात बाळाचे डोके सावरतात तेव्हा त्यांत सराव दिसतो; कॅमेऱ्यासाठी घेतलेला पवित्रा आणि रोज करावी लागणारी कृती यांतला फरक हाताच्या पकडीत लपत नाही. हा फरक टिपायला छायाचित्रकार त्या घरात इतकी रुळलेली असावी लागते की ती आली म्हणून कोणी पदर सावरत नाही.

मग उतार लागतो. गुरू-चेला ही हिजडा समाजाची रचना आधार देणारी असते तशीच ती कठोरही असते; तिथे घर, मिळकत आणि नातीसुद्धा गुरूच्या अखत्यारीत येतात. मुलगी मोनांच्या हातून गेली आणि गुरूच्या घरी वाढू लागली. मोना दारूच्या आहारी गेल्या, घराण्याशी त्यांचे बिनसले आणि अखेर त्या मेहंदियानच्या कबरस्तानात राहायला गेल्या. दिल्लीतल्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयाच्या मागे असलेले हे कबरस्तान शाह वलीउल्लाह यांच्या मजारीमुळे प्रसिद्ध आहे. जन्माच्या कुटुंबाने दूर केलेली माणसे हिजड्यांच्या घराण्यात येतात हे आपण ऐकून असतो. परंतु त्या घराण्यातूनही बाहेर पडलेल्या माणसाने कुठे जावे, याचे उत्तर या पुस्तकाआधी निदान माझ्यासमोर कोणी ठेवले नव्हते. मोनांनी कबरींच्या मधोमध घर बांधले, प्राणी पाळले आणि तिथे मोठमोठ्या इमारतींचे बेत आखले. या बेतांबद्दल त्या इतक्या गांभीर्याने बोलतात की वाचकाला त्यांची कीव करण्याची मुभाच राहत नाही.

इथे छायाचित्रकार म्हणून सिंह यांची कसोटी होती आणि त्या तीत उतरल्या आहेत. कबरस्तानात एकटे राहणारे, दारू पिणारे, म्हातारपणाकडे झुकलेले तृतीयपंथी माणूस हा विषय कोणत्याही परदेशी मासिकाने डोळे झाकून घेतला असता. लांब सावल्या, मोडक्या कबरी, पाठमोरी आकृती अशी दहा-बारा चित्रे काढून काम संपवता आले असते. सिंह त्या वाटेला गेल्या नाहीत. कबरस्तानातल्या मोना त्यांच्या चित्रांत यजमानीण आहेत. त्यांचे राहते घर आहे, त्यांचा थाट आहे, रुसवाफुगवा आहे. दुःख जिथे आहे तिथे ते लपवलेले नाही, मात्र त्याला सजवलेलेही नाही. नव्वदच्या दशकात वेश्यावस्ती, बालमजुरी, एड्स असल्या विषयांची कामे केल्यावर आपण पाश्चात्त्यांना हवा तसाच भारत पुरवत आहोत असे वाटून सिंह वृत्तछायाचित्रणातून बाहेर पडल्या, हे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. त्या निर्णयात मोनांच्या सहवासाचा वाटा किती हे मोजता येणार नाही, पण हे पुस्तक पाहताना तो मोठा असला पाहिजे असे वाटत राहते.

मजकुराबद्दल आता सविस्तर लिहायला हवे, कारण पुष्कळ जण हे पुस्तक केवळ चाळतात आणि त्याचा अर्धा भाग त्यांच्या हाती लागत नाही. मोनांची हकीकत त्यांनी स्कालोचे प्रकाशक वॉल्टर केलर यांना पाठवलेल्या ई-मेलच्या रूपात दिली आहे. म्हणजे सांगणाऱ्या मोना आहेत, ऐकणारा एक प्रकाशक आहे आणि छायाचित्रकार या दोघांच्या मधून बाजूला सरकली आहे. मानववंशशास्त्रज्ञाची प्रस्तावना, हिजड्यांच्या चालीरीतींचा परिचय, तळटीपा असा जो सरंजाम अशा पुस्तकांना हमखास जोडला जातो, त्याची जागा एका माणसाच्या बोलण्याने घेतली आहे. मोना तक्रार करतात, फुशारक्या मारतात, मधेच हळव्या होतात, स्वतःचे म्हणणे खोडून नव्याने सांगतात. सगळेच शब्दशः खरे मानावे असे नाही आणि पुस्तकही तसा आग्रह धरत नाही. आपले चरित्र आपण कसे सांगावे याचा हक्क ज्याचा त्याला असतो, आणि सिंह यांनी रोलच्या मागोमाग हा हक्कही मोनांच्या हाती दिला.

सिंह यांनी सांगितलेला एक प्रसंग तर प्रत्येक छायाचित्रकाराने वाचावा असा आहे. शस्त्रक्रियेसाठी सिंगापूरला जायला आवडेल का, असे त्यांनी एकदा मोनांना मैत्रीच्या भावनेने विचारले. मोनांनी त्यांना सुनावले की तुला काही कळतच नाही. मी बाई होऊ पाहणारा पुरुष नाही, मी तिसरी आहे, आणि दोनच लिंगे मानता येतात ही अडचण तुमच्या समाजाची आहे. इतक्या वर्षांच्या सहवासानंतरही आपल्याला समोरचा माणूस पुरता उमगला नव्हता, हे सिंह यांनी स्वतःच छापून ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य करणारा निकाल १५ एप्रिल २०१४ रोजी दिला; ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी त्या खटल्यात आपली बाजू मांडणाऱ्यांपैकी एक होत्या, हे आपल्याला अभिमानाने आठवते. मोनांचे बोल त्याच्या तेरा वर्षे आधी छापले गेले होते आणि ते कोणत्याही वकिलाच्या युक्तिवादाइतके नेमके आहेत.

पुस्तकात उणिवा आहेत आणि त्या मांडल्याशिवाय हे परीक्षण प्रामाणिक होणार नाही. सर्वांत गंभीर उणीव लहान मुलीच्या संदर्भातली आहे. विलायतेत चित्रे छापायची नाहीत असे सांगून रोल मागून घेण्याचा अधिकार मोनांना होता आणि त्यांनी तो बजावला. तान्ह्या मुलीला तो नव्हता. तिचे बालपण, तिचे वाढदिवस, तिच्यावरून झालेले भांडण हे सारे जगासमोर आले आणि त्याबद्दल तिचे म्हणणे पुस्तकात नाही. २००१ मध्ये या प्रश्नाची चर्चा आजच्याइतकी होत नव्हती हे खरे, तरीही संमतीवर उभ्या असलेल्या पुस्तकात ही फट डोळ्यांवर येते. गुरूची बाजूही इथे मिळत नाही. मोनांच्या बोलण्यातून गुरू कठोर आणि कधी कधी क्रूर वाटतात. त्यांनी मुलगी का नेली, मोनांच्या व्यसनाच्या काळात मुलीचे काय होत होते, हे विचारायला कोणी गेले नाही. पुस्तक मोनांचे आहे म्हणून हे चालून जाते, परंतु हिजडा समाजाबद्दल माहिती मिळवण्यासाठी जो हे घेईल त्याला एकाच बाजूची हकीकत मिळेल, हे त्याने ध्यानात ठेवावे. घराणी, बधाईचे हक्क, गुरू बदलण्याचे नियम यांची माहिती हवी असणाऱ्याने दुसरीकडे जावे.

तिसरी गोष्ट मला अधिक सलते. तुर्कमान गेटच्या गल्लीत घडलेले हे पुस्तक स्वित्झर्लंडमध्ये निघाले, इंग्रजीत निघाले आणि ज्या समाजाबद्दल ते आहे त्याला ते विकत घेता येणे तेव्हाही अवघड होते. त्याची हिंदी, उर्दू किंवा मराठी आवृत्ती माझ्या पाहण्यात नाही. आपल्याकडे दरवर्षी सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेत जोगत्यांभोवती कॅमेऱ्यांचा गराडा पडतो, तमिळनाडूतल्या कूवागमच्या तृतीयपंथीयांच्या उत्सवात तर त्याहून मोठा. त्या गर्दीतले बहुतेक तरुण छायाचित्रकार चेहरा टिपतात आणि नावही न विचारता पुढे सरकतात. त्यांच्या हाती हे पुस्तक त्यांच्या भाषेत आणि परवडेल अशा किमतीत पडायला हवे होते. मोठ्या शहरांतल्या कलामहाविद्यालयांनी निदान एक एक प्रत मिळवून ठेवावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पुस्तक छापून झाल्यावर संबंध संपला असे झाले नाही, आणि या पुस्तकाच्या खरेपणाचा हा सर्वांत मोठा पुरावा मी मानतो. २०१३ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात जर्मनीच्या दालनासाठी आय वेवे, रोमुआल्ड कारमाकर आणि सांतू मोफोकेंग यांच्यासोबत सिंह यांची निवड झाली, तेव्हा त्यांनी तिथे ‘मोना अँड मायसेल्फ’ ही कृती मांडली. ती चलचित्रावर घेतलेली आहे, तरी सिंह तिला हलते स्थिरचित्रच म्हणतात. मोना गाणे ऐकत पडून आहेत आणि आपण बऱ्याच वेळाने त्यांच्या पापण्यांची हालचाल टिपतो. २०१७ मध्ये मोना वारल्या, म्हणजे पहिल्या भेटीपासून ही मैत्री २८ वर्षे चालली. त्यानंतरही सिंह यांनी मोनांच्या जुन्या छायाचित्रांपासून नवी जोडचित्रे केली. २०२२ मध्ये सिंह यांना छायाचित्रणासाठीचा हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला, त्या वेळी त्यांच्या घडीच्या पुस्तकांची आणि छायाचित्रे मांडण्यासाठी केलेल्या लाकडी चौकटींच्या ‘संग्रहालयां’ची चर्चा अधिक झाली. ती कामे नावीन्यपूर्ण आहेतच. छायाचित्र भिंतीवर टांगण्यापेक्षा पुस्तकात शिवून द्यावे हा त्यांचा ध्यास विद्यार्थिदशेत केलेल्या, तबलावादक झाकीर हुसेन यांच्यावरच्या १९८६ च्या पुस्तकापासूनचा आहे. पण पुस्तकाचा आकार, क्रम आणि मजकूर हे सगळे एका माणसाच्या स्वभावाला शोभेल असे जुळवण्याचे कसब मला ‘मोना अहमद’मध्ये सर्वांत परिपक्व वाटते, आणि त्यांच्या नंतरच्या पुस्तकांतले काही प्रयोग त्याच्यापुढे कोरडे भासतात.

विकत घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. स्कालो ही संस्था बंद झाली आहे, त्यामुळे नवी प्रत मिळण्याची आशा धरू नये. जुन्या पुस्तकांच्या परदेशी विक्रेत्यांकडे प्रती अधूनमधून येतात, पण संग्राहकांमुळे किंमत चढी असते आणि टपालखर्च वेगळा. प्रत मागवताना वेष्टन आहे की नाही, बांधणी सैल झाली आहे का आणि पाने डागाळली आहेत का, हे लेखी विचारून घ्यावे. कृष्णधवल चित्रांत काळ्याच्या गडद छटांवर दमटपणाचा पांढुरका थर फार चटकन दिसतो. दिल्ली, मुंबई किंवा अहमदाबादमधल्या कला आणि डिझाइन संस्थांच्या ग्रंथालयांत आधी चौकशी करणे श्रेयस्कर. सिंह यांच्या संकेतस्थळावर या मालिकेतली काही चित्रे पाहता येतात, मात्र तिथे मोनांचा सलग मजकूर वाचायला मिळत नाही. प्रत हाती आली तर चित्रे क्षणभर बाजूला ठेवून पहिल्या बैठकीत मोनांची पत्रे सलग वाचून काढावीत आणि मगच पुन्हा पहिल्या पानापासून चित्रांकडे यावे.